भिंतीवरची खाडी

अंधेरीला आम्ही राहायला गेलो तेव्हा आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं होती आणि त्यातल्या सात घरांत एकच डोंगर होता. बर्फाचा. पायथ्याशी तळं, तळ्याकाठी लाकडी घर, आणि आजूबाजूच्या यच्चयावत झाडांची पानं लाल. या प्रकाराला सगळे ‘सीनरी’ म्हणत. आठ तुकड्यांत येणारा तो कागद दुकानदाराचा माणूस खळ लावून भिंतीला चिकटवून द्यायचा. तळमजल्यावरच्या घरात जोडाजोडीत गडबड झाली होती आणि अर्धा डोंगर वीतभर खाली घसरला होता. त्या घरची माणसं दोन वर्षं त्या मोडक्या डोंगराखाली पंखा लावून, बनियनवर बसून जेवत होती आणि कुणालाच काही वाटत नव्हतं.

मला वाटायचं. मी पार्ल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि तेव्हा मला फार राग यायचा. तो अजूनही येतो, पण तेव्हा तो दिवसभर पुरायचा. ज्या माणसांनी जन्मात बर्फ पाहिला तो फक्त मासळीच्या पाटीतला, त्यांनी भिंतीवर दुसऱ्याचा डोंगर का लावावा, हे मला कुणी नीट सांगू शकलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, बघून थंड वाटतं. मी त्यांच्याकडे चहाला जाणं महिनाभर सोडलं.

आमची भिंत अजून कोरी होती. वाकोल्याच्या चाळीत आम्ही पाच माणसं एका खोलीत राहिलो. तिथे भिंत म्हणजे खुंट्या, फळ्या, आरसा, देव आणि वळकट्या. भिंतीचा रंग कोणता होता हे खोली सोडताना सामान हललं तेव्हा कळलं. सरकारी सोडतीत वडलांच्या नावाने अंधेरीची जागा निघाली, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, आणि दार उघडल्याबरोबर समोर एक आख्खी मोकळी भिंत. ताई लग्न होऊन गेली होती. उरलो आम्ही चौघं, आणि संध्याकाळी चौघंही त्या भिंतीकडे तोंड करून बसायचो.

दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, अर्थातच बर्फाचा डोंगर हवा होता. त्याच्या लग्नाचं बघणं चाललं होतं, मुलीकडचे येतील, त्यांना घर जरा झकास दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदाराने वही उघडून दाखवली: डोंगर, धबधबा, नारळाची झाडं असलेलं कुठलं तरी बेट, सूर्यास्त. मी विचारलं, हे बेट कुठलं? तो म्हणाला, मॅडम, कुठलं का असेना, सुंदर आहे ना. मी म्हटलं, समुद्र आणि माडच लावायचे तर आमचे लावू, या परक्या बेटाने आमचं काय भलं केलंय? दादा बाहेर जाऊन पानाच्या टपरीपाशी उभा राहिला. त्याला माझी लाज वाटायची तेव्हा तो तिथे जाऊन उभा राहायचा.

मग मीच ठरवलं. भिंतीवर सीनरी लागेल, पण ती आमच्या गावची, आणि कागदाची नाही तर रंगवलेला नकाशा. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधून आमची खाडी, दोन्ही काठांवर माड, वाड्या, देवळं, पाण्यात होड्या. बघणाऱ्याला देखावाही दिसेल आणि कळेलही की ही माणसं कुठली. वडलांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी दादाला परस्पर गप्प केलं. संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा उघडली नव्हती. ते अंधेरीच्याच एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागले होते, आणि तीस वर्षं मागाजवळ उभा राहिलेला माणूस आता फाटकाजवळ बसतो याचं दुःख त्यांना होतं. गावाचं नाव निघालं की मात्र त्यांची मान ताठ व्हायची.

पार्ल्याला स्टेशनजवळच्या गल्लीत एक पेंटर होता. दारावरच्या पाट्या, शाळांचे तक्ते आणि नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवायचा. पडद्यांमुळे माड आणि लाटा काढण्यात त्याचा हात बसलेला होता. मी शाळेतल्या मोठ्या नकाशावरून किनाऱ्याचा आमचा तुकडा चौकोन पाडून मोठा केला, खाडीची वळणं जशीच्या तशी उतरवली आणि कागद त्याला नेऊन दिला. चार फूट बाय तीन फुटांचा हार्डबोर्ड, तेलरंग. तो म्हणाला, बाई, डोंगर, पाणी मी काढतो, पण गावांची नावं तुम्ही लिहून द्या. मला तुमच्याकडचं काय कळणार? जेवढं लिहून द्याल तेवढं घालीन, बाकी ठिकाणी सजावट करीन.

वडलांनी ती यादी दोन रविवार केली. ते सांगत, मी लिहीत असे. गाव, गावाच्या सात वाड्या, ग्रामदेवतेचं देऊळ, गावाची राखण करणाऱ्या देवचाराची जागा, शाळा, पिठाची गिरण, एसटी वळते तो वड, भाऊबंदांची घरं असलेली पाणंद. चुलत्याची आंब्याची बागसुद्धा त्यांनी घालायला लावली. मी म्हटलं, बाबा, एवढं मावायचं नाही. ते म्हणाले, बारीक लिहायला सांग. आई त्या दोन्ही रविवारी आत भाज्या निवडत होती. गिरणी बंद पडल्यापासून ती कारखान्यांतल्या बिनबायकांच्या माणसांचे डबे करायची, रविवारी सोमवारची तयारी असायची. तिला कुणी बाहेर बोलावलं नाही. मीही नाही.

यादी देताना मी पेंटरला शिक्षिकेच्या तोऱ्यात आणखी एक गोष्ट बजावली. दिशा दाखवणारं चक्र पाहिजेच, त्याशिवाय नकाशा म्हणजे नुसतं चित्र. चांगलं मोठं, आठ टोकांचं काढा. त्याने विचारलं, कुठे काढू? मी म्हटलं, जिथे जागा रिकामी असेल तिथे.

नकाशा आला त्या दिवशी संध्याकाळी निम्मी इमारत आमच्या दारात होती. खोटं कशाला सांगू, तो देखणाच होता. समुद्र निळा, खाडी हिरवट, डोंगर मागे जाता जाता जांभळे होत गेलेले. आमचा काठ नावांनी गजबजला होता. खाडीच्या दुसऱ्या काठावर माडांची रांग आणि त्यामागे सोनेरी रंगाचं, हाताच्या पंज्याएवढं, आठ टोकांचं चक्र झगमगत होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ते सोनेरी फूल किती छान आलंय. वडील एकेकाला हाताला धरून आपलं घर दाखवत होते. मी तोऱ्यात उभी होते.

लोक गेल्यावर आई पदराला हात पुसत आली. नकाशापुढे तिने बराच वेळ काढला. तिला वाचता यायचं, पण सावकाश. तिचं बोट आमच्या गावच्या धक्क्यापासून निघालं, खाडी ओलांडून पलीकडे गेलं आणि सोनेरी चक्रावर थांबलं.

“गो, ह्या काय?” तिने विचारलं.

मी सांगितलं, दिशा दाखवतं ते. वर उत्तर, खाली दक्षिण.

“मगे हयच कित्याक?”

“तिथे जागा रिकामी होती.”

“रिकामी नाय गो,” आई म्हणाली. “थय माझा घर आसा.”

ती आत गेली आणि तिने भात टाकला.

आता हे सांगायला हवं की आईचं माहेर खाडीच्या पलीकडे आहे हे मला माहीत होतं. अगदी जन्मापासून माहीत होतं. पण आमच्या घरात त्या गावाला नावाने कुणी हाक मारत नसे, त्याला ‘पलीकडे’ म्हणत. पलीकडच्यांशी आपलं नाही, एवढं वाक्य मी लहानपणी ऐकलं होतं आणि जसं पाणी खारट असतं तसंच हेही असतं असं धरून चालले होते. भांडण शिमग्याचं होतं. पूर्वी देवाची पालखी होडीतून खाडी ओलांडायची आणि दोन्ही गावं तिला खांदा द्यायची. आईच्या लग्नानंतर काही वर्षांनी पहिल्या खांद्याच्या मानावरून वाजलं, पालखी भर पाण्यात अडली, आणि आमच्या गावकीने ठराव केला की पलीकडच्या गावाशी येणंजाणं बंद. मोडेल त्याचा देवळातला मान जाईल. ठराव पुरुषांनी केला. जिचं माहेर पलीकडे होतं तिला कुणी विचारलं नसणारच. त्या गावाचं नाव मी इथेही लिहीत नाही, कारण भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही आणि त्या गावात माझ्या मामेभावांची मुलं राहतात.

त्या रात्री मला कळलं की वडलांची यादी विसरभोळेपणाने अर्धी राहिलेली नव्हती. पिठाची गिरण आठवणारा माणूस बायकोचं गाव विसरत नाही. त्यांनी ते वगळलं होतं. आणि मी, वर्गात मुलांनी गोदावरी एका बोटाने चुकीची काढली तरी पट्टी आपटणारी, मी खाडीची वळणं अचूक काढून तिचा एक काठ कोरा ठेवला होता, आणि त्या कोऱ्या जागेवर सोनेरी शोभा काढायला लावली होती. माझा मलाच इतका संताप आला की मी तो जवळच्या माणसावर काढला.

दुसऱ्या दिवशी वडील कामावरून आले तसं मी त्यांना सरळ विचारलं. आईचं गाव का घातलं नाही? ते आधी म्हणाले, राहिलं. मग म्हणाले, तिला माहीत आहे ना कुठे आहे, लिहून काय करायचं? मी म्हटलं, तुम्हालाही तुमचं घर कुठे आहे ते माहीत आहे, मग ते का लिहिलंत? तेव्हा खरं बाहेर आलं.

“त्या गावाचा नाव माझ्या भितीर नको,” ते म्हणाले. “नव्या जागेच्या पुजेक गाववाले येतले. त्येंका मी काय सांगू?”

मी विचारलं, भिंत तुमची एकट्याची आहे का? तुमची गिरणी गेली तेव्हा हे घर कुणाच्या पोळ्यांवर उभं राहिलं? दादा म्हणाला, काय गं, एका शोभेच्या फळीवरून एवढा तमाशा, म्हणून मी सांगत होतो डोंगर लावू. मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आतून आई म्हणाली, पुरे. पण मी ऐकणारी नव्हते, आणि खरं सांगायचं तर आईने मला नकाशाला हात लावू नको असं म्हटलंच नव्हतं.

मी पेंटरकडे गेले. तो उखडला. बाई, तुम्ही म्हणालात रिकाम्या जागी काढा, मी काढलं. सोनेरी रंग दोन हातांचा आहे, खरवडला तर खालचं सगळं जाईल. मी म्हटलं, चूक माझी आहे, पण दुरुस्त तुम्हालाच करावी लागेल. तो माणूस भला होता. त्या आठवड्यात एका दुपारी, वडील कामावर असताना, रंगाचे चार डबे घेऊन तो आमच्या घरी आला. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

चक्रावर हिरवा रंग चढवून त्याने तिथे जमीन केली आणि चक्र समुद्रात नेलं, जिथे ते पहिल्यापासूनच असायला हवं होतं. मग आईला विचारलं, गाव कुठे? आई डबे भरायचे सोडून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने सांगितलं, आणखी खाली, अजून पाण्याच्या जवळ. इथे पायऱ्या. इथे तर लागते. तर म्हणजे आमच्याकडची माणसं पलीकडे नेणारी होडी, हे पेंटरला मी समजावलं. आई पुढे सांगत होती, पायऱ्यांच्या वर आमची पोफळीची बाग आणि तिच्या कडेला घर. तिने स्वतःच्या माहेराबद्दल एका दमात एवढं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. पेंटरने गावाचं नाव लिहिलं, इतर नावांएवढंच, आणि बारीक कुंचल्याने पोफळी काढल्या. आईने त्याला जेवायला वाढलं.

वडलांनी संध्याकाळी ते पाहिलं. पुढचे आठ दिवस ते भिंतीकडे पाठ करून जेवले.

पूजा रविवारी होती. गावचे, भाऊबंद, वाकोल्याचे शेजारी, मिळून खोलीत मावतील त्याहून जास्त माणसं. आरती झाली आणि पुरुषमंडळी नकाशापुढे जमली. जो तो आपलं घर शोधत होता. कुणी म्हणालं, माझी विहीर नाही घातली. कुणी म्हणालं, वड जरा डावीकडे पाहिजे होता. एवढ्यात वडलांचे चुलते, गावकीत ज्यांच्या शब्दाला मान, ते चष्मा पुसून पुढे आले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पलीकडच्या काठावर काठीचं टोक टेकवून त्यांनी विचारलं, हे कुणी लिहिलं?

सगळ्यांनी वडलांकडे पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं की ते बोलतील. पस्तीस वर्षं ज्या बाईने त्यांचं घर चालवलं तिचं गाव आहे, एवढं वाक्य मोठ्ठं नाही. मी मनातल्या मनात ते त्यांच्या तोंडात घालत होते.

“पेंटर चुकलो,” वडील म्हणाले. “पुसून घेतंय.”

माझं डोकं सणकलं. मी पुढे होणार तेवढ्यात आई प्रसादाचं ताट घेऊन वडील आणि चुलते यांच्या मध्ये उभी होती. तिने आवाज चढवला नाही. डब्यात किती पोळ्या घालू असं विचारावं तशी बोलली.

“पेंटर चुकूक नाय. मीया सांगलंय लिवूक. माझी आवस गेली तेवा ह्या काठार उभी रवान मी तिचो धूर बघलंय. कोणी होडी सोडूक नाय. आता लिवलेला तरी ऱ्हवांदे.”

चुलत्यांनी काठी खाली घेतली. आईने त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला, मग वडलांच्या, मग ओळीने सगळ्यांच्या. कुणाला चुकवलं नाही. वडील हातातला शिरा तसाच धरून उभे होते, आणि त्यानंतर त्या नकाशावरून आमच्या घरात कधी कुणी काही पुसायला सांगितलं नाही.

मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन मोरीच्या कट्ट्यावर बसले. संताप अजून होता, पण आता तो कुणावर काढायचा हे कळेना. कारण तो धूर बघताना मी आईजवळ होते. सहा वर्षांची. मे महिन्यात आम्ही गावी गेलो होतो आणि एका सकाळी आई मला बोटाला धरून खाडीवर घेऊन गेली. पलीकडच्या काठावर माणसं उभी होती, आणि त्यांच्या मधून धूर वर चढत होता. मी विचारलं, आई, ते काय करतात? ती म्हणाली, शेत भाजतात. पेरणीआधी जमीन भाजतात ना, तेच. आम्ही तिथे खूप वेळ उभ्या राहिलो आणि मला कंटाळा आला म्हणून मी रडले. आजी गेल्याचं मला मुंबईला परतल्यावर सांगितलं.

सहावीच्या भूगोलात कोकणातल्या भाजावळीचा धडा आहे. मी तो सात वर्षं शिकवत होते. पुस्तकात धूर वगैरे काही नाही, म्हणून दर वर्षी मी पुस्तक मिटून मुलांना सांगायचे, खाडीच्या काठावर उभं राहून ही भाजावळ मी स्वतः पाहिली आहे.